तारेचा माइक की बिनतारी?

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. तिवसा तालुक्यातल्या एका शाळेत स्नेहसंमेलन होते आणि त्याच रात्री एका ज्येष्ठ शिक्षकांचा निरोप समारंभही. हल्ली आपल्याकडे अशा कार्यक्रमाला कराओके आलाच. मोबाइलवर गाण्याचे नुसते वाद्यसंगीत लावायचे, पडद्यावर शब्द उमटत राहतात, आणि माइक हातात घेऊन ज्याने त्याने आपली हौस भागवायची. बिछायत केंद्रवाल्याने मंडपाच्या सामानाबरोबर ध्वनिसंचही आणला होता. त्यात दोन बिनतारी माइक होते. दुपारी रिकाम्या सभागृहात तालीम झाली तेव्हा आवाज अगदी खणखणीत येत होता.

रात्री सभागृह भरले. बसायला जागा उरली नाही म्हणून मागे, बाजूला, मधल्या वाटेत माणसे उभी राहिली. आठवीतली एक मुलगी गायला आली. दुसऱ्या ओळीला आवाज तुटू लागला आणि तिसऱ्या ओळीला माइक मुकाच झाला. वाद्यसंगीत मात्र चालूच! मुलगी थांबली नाही. तिने गाणे शेवटपर्यंत म्हटले. पहिल्या दोन रांगांपलीकडे ते कुणाला ऐकू गेले नाही. तेव्हा पावणेदहा झाले होते. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करायचा असतो, म्हणून तिला पुन्हा संधी देता आली नाही. खाली उतरल्यावर तिने आम्हाला एवढेच विचारले, “मी तं पूर्ण म्हटलं सर. ऐकू नाही आलं काय?”

मग निदाने सुरू झाली. ध्वनिसंचवाला म्हणाला, सेल उतरले असतील. कुणी म्हणाले, माल स्वस्तातला. एक जण म्हणाला, पोरगी माइक दूर धरत होती. शेवटी ठरले की शाळेने आपला स्वतःचा संच घ्यावा. पण तारेचा की बिनतारी? विज्ञान शिकवतो म्हणून हा प्रश्न आमच्याकडे आला. त्याचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते येथे मांडत आहोत. त्यातला बराच भाग आठवी ते बारावीच्या भौतिकशास्त्रातलाच आहे.

कराओके हा शब्द जपानी आहे. ‘कारा’ म्हणजे रिकामे आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्रा या शब्दाचे तोडलेले रूप. म्हणजे गायकाची जागा रिकामी ठेवलेला वाद्यवृंद. शिगेइची नेगिशी यांनी १९६७ मध्ये तोक्योत असे यंत्र केले आणि दाइसुके इनोऊए यांनी १९७१ मध्ये कोबे शहरात आपले यंत्र भाड्याने द्यायला सुरुवात केली. इनोऊए यांनी त्याचे पेटंट घेतले नाही. जगभर धंदा झाला तो इतरांचा. आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने यातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. पेटीवाला साथीला असेल तर गायक अडखळल्यावर तो थांबतो, सूर धरून ठेवतो. यंत्र कुणासाठी थांबत नाही. माइक दहा सेकंद गेला तर दहा सेकंदांचे गाणे गेले. म्हणून कराओकेत माइक कमी गोड असला तरी चालेल, पण त्याने दगा देता कामा नये.

आता माइकमध्ये काय होते ते पाहू. कार्यक्रमात वापरतात तो बहुधा डायनॅमिक जातीचा असतो. जाळीच्या आत एक पातळ पडदा, पडद्याला चिकटवलेले बारीक तारेचे वेटोळे, आणि भोवती कायमचुंबक. आवाजाने पडदा हलतो, वेटोळे चुंबकीय क्षेत्रात पुढेमागे होते आणि फॅरडेच्या नियमाप्रमाणे त्यात विद्युतदाब निर्माण होतो. थोडक्यात, हा उलटा चालणारा ध्वनिवर्धकच. वर्गात हे दाखवणे फार सोपे आहे. जुन्या रेडिओतले दोन लहान स्पीकर घ्या, त्यांना दहा मीटरची दुपदरी तार जोडा, एक स्पीकर शेजारच्या वर्गात न्या. एकात तोंड घालून मोठ्याने बोलले तर दुसऱ्याला कान लावणाऱ्याला क्षीण, पण स्पष्ट ऐकू येते. मध्ये ना सेल, ना वीज. मुलांना याचे फार नवल वाटते, आणि खरे सांगायचे तर आम्हालाही अजून वाटते.

हा दाब किती असतो? तोंडाजवळ धरलेल्या माइकमधून साधारण १ ते २ मिलिव्होल्ट. घड्याळाचा सेल दीड व्होल्टचा, म्हणजे याच्या जवळजवळ हजारपट. इतका नाजूक संदेश आपल्याला मंचापासून वर्धकापर्यंत न्यायचा आहे. तारेचा की बिनतारी हा सगळा वाद एवढ्या वाटेपुरताच आहे. माइकचे डोके दोन्हींत सारखेच असू शकते.

तारेचा शत्रू म्हणजे आसपासची वीज. मंडपात दिव्याच्या वायरी, पंखे, जनरेटर असतात आणि त्या सगळ्यांतून ५० हर्ट्झचा प्रत्यावर्ती प्रवाह वाहत असतो. माइकची केबल त्यांना समांतर टाकली की तिच्यात गुणगुणाट शिरतो. तो आवरण्यासाठी तीन पिनांच्या केबलमध्ये एक सुंदर युक्ती केलेली असते. आवरणाच्या जाळीखाली दोन तारा असतात. एकीतून संदेश +स असा जातो आणि दुसरीतून उलटा, −स असा. वाटेत शिरणारा गुणगुणाट न हा दोन्ही तारांत सारखाच शिरतो, कारण त्या एकमेकींना पीळ देऊन शेजारी बसवलेल्या असतात. वर्धक दोघींतला फरक घेतो: (स + न) − (−स + न) = २स. गुणगुणाट वजाबाकीत निघून गेला! सातवीच्या बीजगणिताचा याहून चांगला उपयोग आम्हाला तरी ठाऊक नाही.

जुन्या ध्वनिसंचांत मात्र ५०,००० ओहम रोधाचे माइक आणि एकाच जाड पिनेची केबल असे. तिथे वजाबाकीची सोय नाही, आणि आणखी एक अडचण आहे. केबलच्या तार आणि जाळी यांमध्ये दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धारकता असते. दहा मीटरला १,००० पिकोफॅरड. रोध आणि धारकता यांच्या गुणाकाराला २π ने गुणून त्याचा व्यस्तांक काढला की कोणत्या वारंवारतेपासून आवाज गळू लागतो ते कळते. इथे उत्तर येते सुमारे ३,२०० हर्ट्झ. आपल्या बोलण्यातले स, श, च यांचे सळसळणारे आवाज त्याच्या वरचे. म्हणून अशा संचावर लांब केबल लावली की आवाज येतो पण शब्द कळत नाहीत. तेच गणित ३०० ओहमच्या माइकसाठी केले तर मर्यादा ५ लाख हर्ट्झच्या वर जाते. कान तर २०,००० च्या पलीकडे ऐकतच नाही. तेव्हा ‘तारेच्या माइकचा आवाज बोदा येतो’ ही तक्रार खरी असली तरी ती तारेबद्दलची नाही. ती चुकीच्या माइकला लांब तार लावल्याची आहे.

अमरावतीहून नागपूरच्या रस्त्याला लागले की तिवश्याच्या आधी मोझरी येते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये तिथे गुरुकुंज आश्रम स्थापन केला. महाराजांची खंजिरी सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे, आणि या भागातल्या गावोगावच्या भजन मंडळांत ती आजही वाजते. खंजिरी वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. एकाने धरायची, दुसऱ्याने वाजवायची. तो बसतो एका जागी. त्याला हातात धरायचा माइक काय कामाचा? त्याच्यापुढे स्टँड हवा आणि स्टँडवर तारेचा माइक. तो चार तासांच्या भजनातही सेल मागत नाही. उलट मंचभर फिरणाऱ्या नाटकातल्या मुलाच्या पायात वायर अडकते. कराओकेचा गायक या दोघांच्या मधला आहे. त्याचा एक हात मोकळा असतो, पण डोळे शब्दांच्या पडद्याला खिळलेले असतात. म्हणजे तो वाटतो तितका फिरत नाही. शाळेच्या त्या कार्यक्रमात गायलेल्या मंडळींचे चित्रीकरण आम्ही नंतर पाहिले. बहुतेक जण दोन पावलांच्या पलीकडे हलले नव्हते. माइक बिनतारी होता, पण गाणारे एका जागी उभेच होते.

आता बिनतारी माइक. याच्या दांडीत एक चिमुकले आकाशवाणी केंद्र असते. पडद्याचा संदेश एका उच्च वारंवारतेच्या लहरीवर चढवला जातो आणि शेपटाकडच्या लहानशा अँटेनातून हवेत सोडला जातो. शक्ती साधारण १० मिलिवॅट, म्हणजे टॉर्चच्या बल्बच्याही कितीतरी कमी. दुसरीकडे ग्राहक यंत्र ती लहर पकडून पुन्हा आवाजाचा संदेश मोकळा करते. ३०० ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. ६०० मेगाहर्ट्झला ती अर्धा मीटर येते. हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

सभागृहाला टिनाचे छप्पर असेल, लोखंडी कपाटे, जाळ्या असतील तर लहर सरळ वाटेने पोचते तशी पत्र्यावर आपटूनही पोचते. एकीच्या शिखरावर दुसरीची दरी आली की दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात आणि त्या जागी माइक मुका होतो. वीतभर सरकले की पुन्हा बोलू लागतो. हाताच्या रेडिओवर एफ.एम. केंद्र लावून खोलीत हळूहळू फिरून पाहा. कुठे खरखर, तिथून दोन पावलांवर स्वच्छ. तीच ही गोष्ट. चांगल्या ग्राहक यंत्राला एकेका माइकसाठी दोन अँटेना असतात आणि ज्या अँटेनाला लहर जोरकस मिळेल ती यंत्र दर क्षणी निवडते. स्वस्त यंत्रालाही दोन अँटेना दिसतात, पण पुष्कळदा एक पहिल्या माइकची आणि दुसरी दुसऱ्या माइकची असते. घेताना हे विचारून घ्यावे.

आता त्या मुलीच्या माइककडे येऊ. दुसऱ्या दिवशी सामान उचलण्याआधी आम्ही बिछायतवाल्याला तासभर थांबवले. आधी सेल मोजले. ते चांगले भरलेले होते. ग्राहक यंत्र सभागृहाच्या मागच्या टोकाला, वर्धकाशेजारी, कमरेइतक्या उंचीच्या टेबलावर होते. रिकाम्या सभागृहात मंचावरून माइक सुरू केला तर यंत्रावरचे पाचही दिवे लागत. मग चाळीस मुलांना मधल्या वाटेत दाटीने उभे केले. दिवे दोनवर आले! माणसाच्या शरीराचे अर्ध्याहून अधिक वजन पाण्याचे आणि त्यात क्षार मिसळलेले. या वारंवारतेच्या लहरी असे पाणी शोषून घेते. दुपारच्या तालमीत सभागृहात हवा होती, रात्री त्याच जागी पाण्याची भिंत उभी होती. आता उरलेले दोन दिवे. चित्रीकरणात दिसत होते की मुलीने माइक दोन्ही हातांनी, अगदी खालच्या टोकाला घट्ट धरला होता. तसा धरून पाहिला आणि उरलेले दोन दिवेही विझले. अँटेना तिच्या मुठीत होती. तिची चूक म्हणावी तर माइक कुठे धरू नये हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. आम्हालाही त्या दिवसापर्यंत ते ठाऊक नव्हते.

उपायही तिथेच सापडला. ग्राहक यंत्र मंचापासून चार मीटरवर, माणसांच्या डोक्यांच्या वर येईल असे दोन बाकांच्या चवडीवर ठेवले. आता मूठ आवळली तरी चार दिवे. फक्त ग्राहकापासून मागच्या वर्धकापर्यंत एक लांब केबल टाकावी लागली. म्हणजे बिनतारी माइक नीट चालायला अखेर तारच लागली, हे पाहून बिछायतवाला मनसोक्त हसला.

एकाहून जास्त बिनतारी माइक असले की आणखी एक गंमत होते. दोन लहरी यंत्रात मिसळून नव्या वारंवारता जन्माला येतात. त्यांपैकी त्रासदायक ती एकीच्या दुपटीतून दुसरी वजा केल्यावर मिळणारी. माइक ६००, ६०२ आणि ६०४ मेगाहर्ट्झवर लावले तर दोनदा ६०२ वजा ६०० म्हणजे ६०४. पहिल्या दोघांनी मिळून तिसऱ्याच्या घरात घुसखोरी केली. सारख्या अंतरावर मांडणे डोळ्यांना नीटनेटके दिसते, लहरींना ते सोसत नाही. अकरावीच्या मुलांना चार माइकसाठी आकडे निवडायला सांगा. तासभर गुंतून राहतात. नवरात्रात शेजारच्या मंडळाकडे त्याच वारंवारतेचा संच असला तर याहून मोठा घोळ. ग्राहक जोरकस लहरीला चिकटतो, आणि तुमच्या ध्वनिवर्धकातून त्यांची आरती ऐकू येते.

संचावर लिहिलेली वारंवारता वाचूनच तो घ्यावा. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ आणि २.४ गिगाहर्ट्झचे पट्टे कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्याशिवाय खुले आहेत. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मात्र २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेसाठी रिलायन्स जिओकडे गेला. अमेरिकेने तर १२ जून २०१० पासूनच त्या भागात बिनतारी माइक वापरायला बंदी घातली. त्या पट्ट्यातला जुना संच कुणी स्वस्तात देऊ केला तर ते ‘स्वस्त’ का, हे त्यावरून कळावे.

ब्लूटूथबद्दल एक इशारा. त्यात आवाजाचे तुकडे करून, आवळून पाठवले जातात. म्हणून तो दीड-दोन दशांश सेकंद उशिरा पोचतो. वाद्यसंगीत उशिरा आले तर बिघडत नाही. सगळे ते एकाच वेळी ऐकतात, फार तर पडद्यावरचे शब्द पुढे धावतात. पण गायकाचा आवाजच मोबाइलमधून ब्लूटूथने स्पीकरला पाठवला तर पंचाईत होते. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, ०.१५ सेकंदात ५१ मीटर. म्हणजे आपलाच आवाज पन्नास मीटरवरच्या भोंग्यातून ऐकत गायचे. बर्नार्ड ली यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले की आपला आवाज असा उशिरा कानी पडला तर चांगला बोलणाराही अडखळतो, तोतरा होतो. गाणारा बेताल होईल यात नवल नाही. साध्या एफ.एम. पद्धतीच्या बिनतारी माइकमध्ये हा उशीर नसतो, तारेच्या माइकमध्ये तर नाहीच.

कार्यक्रमात कर्कश शिट्टी वाजली की दोष माइकला दिला जातो. वास्तविक ती शिट्टी म्हणजे एक फेरा आहे. ध्वनिवर्धकातला आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा शिरतो. दर फेऱ्याला तो वाढत असेल तर शिट्टी, घटत असेल तर शांतता. बिनतारी माइकवाला हौसेने प्रेक्षकांत उतरतो, भोंग्यासमोर जातो, आणि फेरा पुरा होतो. वायर ही गायीच्या दाव्यासारखी असते. ती गायकाला भोंग्यापुढे जाऊ देत नाही. दुसरे कारण म्हणजे जाळी मुठीत धरण्याची फॅशन. माइक समोरचे ऐकतो आणि मागचे टाळतो, ते जाळीखालच्या भोकांतून पडद्याच्या मागे जाणाऱ्या आवाजामुळे. ती भोके झाकली की माइक चहूकडचे ऐकू लागतो. जाळी मुठीत नको आणि शेपूटही मुठीत नको. मधली दांडी धरावी. माइक ओठांपासून ४० सेंटिमीटरऐवजी ५ वर आणला तर अंतर तीनदा निम्मे होते, दरवेळी तीव्रता चौपट, म्हणजे एकूण ६४ पट. तेवढा वर्धक खाली आणता येतो आणि शिट्टीही थांबते.

तारेच्या माइकची एक बाजू मात्र खरोखर लंगडी आहे. वर्धकाचे अर्थिंग बिघडलेले असेल, जमीन ओली असेल आणि मूल अनवाणी असेल तर धातूच्या माइकमधून झटका बसू शकतो. बिनतारी माइकमध्ये हा धोका नाही. म्हणून आमच्या सूचनेत पहिली ओळ माइकची नव्हतीच. सभागृहातल्या तीन पिनांच्या सॉकेटचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे, अशी होती.

त्यानंतर शाळेने दोन कमी रोधाचे तारेचे माइक, दोन स्टँड आणि पंधरा मीटरच्या दोन केबली घेतल्या. चांगल्या बिनतारी संचाला लागले असते त्यापेक्षा पैसे कमीच लागले. निवेदकासाठी आणि नाटकासाठी एक बिनतारी माइक दरवर्षी भाड्याने आणायचा असे ठरले. काही शिक्षक नाराज आहेत. कराओकेत वायर धरून गाणे त्यांना जुनाट वाटते. आम्ही वाद घातला नाही. स्टँडवर माइक लावून गायले की हात मोकळे राहतात, हे एक-दोघांना हळूहळू आवडू लागले आहे.

केबल दुखते ती बहुधा पिनेजवळ, तार आत तुटून. कोपराभोवती दोरासारखी गुंडाळली की पीळ साठत जातो आणि तार तिथेच जाते. एक वेढा सरळ, दुसरा उलटा असे मोठे सैल वेढे घालून ती ठेवायची. नववीतल्या दोघांना हे काम दिले आहे, आणि तुटलेली पिन सोल्डर करायलाही शिकवले आहे. केबली गुंडाळायला त्यांच्या मदतीला ती गाणारी मुलगीही येते. यंदा ती नववीत आहे आणि गाण्यासाठी तिने आपले नाव सर्वांत आधी दिले आहे.